देवाला छिद्र नको

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका शेडच्या मागच्या अंगाला असलेल्या पिवळ्या खोलीत मी अकरा वर्षं काढली. भिंती तशा पांढऱ्याच होत्या, पण खिडक्यांच्या काचांना पिवळी फिल्म चिकटवलेली आणि दिवेही पिवळे. आम्ही थ्रीडी प्रिंटरचं रेझिन बनवायचो. रेझिन म्हणजे मधासारखा दाट द्रव. त्यावर ठरावीक उजेड पडला की तो जागच्या जागी घट्ट होतो. प्रिंटर त्याला थोडा थोडा उजेड दाखवत जातो आणि थरावर थर चढून वस्तू उभी राहते. साधा दिवसाचा उजेड जरी खोलीत शिरला असता, तरी बादलीतला माल बादलीतच दगड झाला असता. म्हणून दिवसाला आत बंदी होती. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे मला प्रिंट धुणाऱ्या मावशींच्या साडीच्या काठावरून कळायचं.

माझं खास काम म्हणजे रंग बदलणारं रेझिन. घरात पांढरं, उन्हात केशरी. त्यात मिसळायची पूड चिमटीभरच असते, पण तिला उन्हातले अतिनील किरण लागले की रंग उघडतो आणि सावलीत आणलं की पुन्हा मिटतो. सांगायला सोपं आहे. ती पूड किती घालायची, कशात विरघळवायची, हे मात्र माझ्या डोक्यात आणि माझ्या वहीत होतं, दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मजा अशी की त्या पिवळ्या खोलीत सगळेच रंग आजारी दिसायचे. केशरी नीट उतरलाय की नाही हे बघायला मला छोटी चकती घेऊन अंगणात जावं लागायचं. लागायचं म्हणजे मी लावून घ्यायचे. जिथे दोन वेळा जाऊन भागलं असतं तिथे मी पाच वेळा जायचे. रिकाम्या ड्रमांशेजारी तळहातावर चकती धरून दहा आकडे मोजायचे, ती केशरी झाली की आणखी दहा मोजायचे, आणि मग परत आत जायचे.

त्या अकरा वर्षांतली शेवटची दोन वर्षं मी हात लपवून काढली. आधी बोटांची टोकं कोरडी पडली, मग चिरा पडल्या, मग बारीक पाणीदार पुरळ आलं. बदलापूरच्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. अंबरनाथमध्ये कुणी ओळखीचं बघेल म्हणून मुद्दाम बदलापूर गाठलं. ते म्हणाले, रेझिनची ॲलर्जी आहे, आणि शरीराने ही गोष्ट एकदा ओळखली की ते विसरत नाही. मलम लावा, पण काम बदला. मी विचारलं, कुठलं काम? शाई, वार्निश, दातात भरायचा मसाला, नखांवरचं जेल, जिथे जिथे माझं शिक्षण उपयोगी पडेल तिथे हेच रसायन वेगळ्या डब्यात भरून ठेवलेलं असतं. डॉक्टरांनी खांदे उडवले. त्यांना माझा राग आला नव्हता, मला मात्र त्यांचा आला.

मी कारखान्यात सांगितलं नाही, कारण सांगितल्यावर काय होतं ते मी पाहिलं होतं. आमच्याकडच्या एका ऑपरेटरला हाच त्रास झाला, तेव्हा शेठनी त्याला आधी पॅकिंगला बसवलं आणि महिन्याभरात प्रेमाने घरी पाठवलं. शेठ उल्हासनगरचे, तीस वर्षं प्लॅस्टिकच्या धंद्यात मुरलेले. माणूस वाईट नाही. "तुम्हारे भले के लिए," असं त्याला म्हणाले आणि ते खरंही होतं. मला माझं तसं भलं नको होतं. नवरा गुजरातेत प्लांटवर असतो, महिन्यातून एकदा दोन दिवस येतो. त्याला कळलं असतं तर तो म्हणाला असता, सोड ना मग. पालेगावच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सासूबाई आणि मी, दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत. त्यापेक्षा ती पिवळी खोली परवडली. म्हणून मी निळे हातमोजे घालत राहिले, डब्याच्या वेळीसुद्धा काढायचे नाहीत. मावशी म्हणायच्या, मॅडमना लई स्वच्छता लागते. मी हसून घ्यायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती.

अशात गणपतीची ऑर्डर आली.

आधी शेठच्या मनात गाडीच्या डॅशबोर्डवरचा गणपती होता. मी सांगितलं की गाडीची पुढची काच अतिनील किरण अडवते, तुमचा बाप्पा जन्मभर पांढराच राहील. ते हिरमुसले. मग चिखलोलीला नव्या इमारती बांधणारा एक बिल्डर मिळाला. फ्लॅटच्या किल्लीसोबत प्रत्येक कुटुंबाला वीतभर गणपती द्यायचा, गॅलरीत ठेवला की उन्हात केशरी होणारा. सगळ्यांना कल्पना आवडली. मलाही आवडली, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अकरा वर्षांत माझा रंग पहिल्यांदा लोकांच्या घरात जाणार होता.

अशी मूर्ती आतून पोकळ छापतात. भरीव केली तर जड होते आणि घट्ट होताना तडकते. पोकळ केली की पोटात कच्चं रेझिन अडकून राहतं, ते काढायला तळाशी दोन भोकं ठेवावी लागतात, एक द्रव बाहेर यायला आणि एक हवा आत जायला. मी आसनाखाली ड्रिलने दोन भोकं पाडून नमुना करून दिला. बिल्डरच्या माणसाने मूर्ती हातात घेतली, नमस्कार केला आणि लगेच उलटी करून बघितली. आपल्याकडे मूर्ती घेताना सगळे तेच करतात, कुठे टवका उडालाय का ते बघायला. "हा खालून फुटलेला आहे," तो म्हणाला. मी समजावलं, फुटलेला नाही, भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला समजावाल. शंभर घरांना कोण समजावणार? खंडित मूर्ती कोणी घरात घेत नाही."

भोकं ठेवून मग बुजवावीत असंही करून पाहिलं. बुजवलेला ठिपका वेगळा दिसायचा, आणि उन्हात नेलं की तो आणखीच वेगळा केशरी व्हायचा. शेठ म्हणाले, "भगवान में छेद कोई करता है क्या, मॅडम? बिना छेद के नहीं होगा?"

आता इथे मी सगळं शेठवर ढकलू शकते. ते खोटं होईल. त्यांना रसायन कळत नव्हतं, मला कळत होतं. माझी पूड उजेड खाते, त्यामुळे या रेझिनचं पोट साध्या रेझिनपेक्षाही जास्त दिवस कच्चं राहतं, हे त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं. पण ते पहिलं भोक पाडताना मीच मनातल्या मनात माफी मागितली होती, एम.एस्सी. झालेली बाई असून. मावशींनी तर ड्रिलला हातच लावला नाही, मूर्ती आली की त्या चपला काढून उभ्या राहायच्या. छिद्र नको म्हणणाऱ्यांत मीही होते. म्हणून मी म्हणाले, "होईल. पोटात थोडं ओलं राहील."

"बाहर से पक्का?"

"बाहेरून पक्कं."

मूर्ती पावसाळा संपता संपता गेल्या. एक मी घरी आणली.

सासूबाई मूळच्या पालेगावच्याच. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांचं भातखाचर होतं, ते कुठून कुठपर्यंत होतं हे त्या गॅलरीतून बोट फिरवून दाखवतात. पंच्याहत्तरी उलटली तरी जीभ शाबूत आणि नजर तिखट. मूर्तीवर त्या फिदा झाल्या. देव्हारा गॅलरीत हलवला, रोज आंघोळ, रोज जास्वंद. "सकालचा धवला, दुपारचा शेंदरी," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "मानसावानी ऊन लागतं देवाला." हा रंग माझ्या सुनेने केलाय, हेही सांगत. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझ्याबद्दल त्या इतकं चांगलं पहिल्यांदाच बोलत होत्या. मी खूश होते.

उन्हाळा लागला आणि त्यांचे डोळे सुजले. पापण्या लाल, त्यावर बारीक पुरळ, कडा चिकटलेल्या. मी म्हणाले, काजळाचं असेल. त्यांना उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी थेंब दिले. आठवडा गेला, फरक पडेना. एके सकाळी उजवा डोळा उघडेचना, कोमट पाण्याने सोडवावा लागला. त्या घाबरल्या होत्या, पण तसं म्हणायच्या नाहीत. रात्रीपेक्षा दिवस बरा, एवढंच म्हणायच्या.

त्या रविवारी मी पूजेच्या वेळेला घरात होते. चहा घेऊन गॅलरीत गेले तर सासूबाई मूर्तीच्या सोंडेखाली बोट फिरवत होत्या. बोटाला काहीतरी ओलं लागलं. ते त्यांनी आधी एका डोळ्याला लावलं, मग दुसऱ्या.

"आई, हे काय करताय?"

"देवाला घाम येतंय गो," त्या हळूच म्हणाल्या. "महिना जाला. कोनाला सांगलं नाय मी. देवाची गोष्ट बोललं का गुन जातो. डोला बरा व्हईल म्हनून लावतंय."

वास मला उंबऱ्यातच आला होता. अकरा वर्षं त्या वासात काढली होती, माझी त्यात चूक होणं शक्य नव्हतं. सोंडेखाली, ऊन पोचत नाही अशा जागी, केसाएवढी भेग होती आणि तिच्यातून पोटातलं कच्चं रेझिन पाझरत होतं. महिनाभर त्या ते डोळ्यांना लावत होत्या. आधी भक्तीने, आणि डोळे सुजल्यावर औषध म्हणून दुप्पट. पापण्यांवरचं ते पुरळ माझ्या बोटांवरच्या पुरळाचं सख्खं भावंड होतं. मी रोज बघत होते, आणि काजळ म्हणत होते.

मी मूर्ती त्यांच्या हातातून घेतली. साफ करून देते म्हणाले. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून झाकण लावलं, त्यांचे डोळे भरपूर पाण्याने धुतले, आणि खरं काही सांगितलं नाही. त्या दिवशी मला माझी जेवढी शरम वाटली, तेवढी त्याआधी कधी वाटली नव्हती. चिखलोलीतल्या घरांचा विचार मनातून जाईना. तिथेही सोंडेखाली घाम आला असणार. तिथे लहान मुलं होती. कुणीतरी तो घाम त्यांच्या कपाळाला लावत असणार.

पण खरं सांगायचं तर त्या दुपारी मी त्या मुलांचा जेवढा विचार केला, जवळपास तेवढाच माझ्या हातांचा केला. शेठना जाऊन सांगायचं, मूर्ती परत मागवा. ते म्हणणार, एका थेंबाने काय होतं? एका थेंबाने काय होतं, याचा पुरावा माझ्या हातमोज्यांच्या आत होता. तो दाखवला की पिवळी खोली संपली. न दाखवला तर शेठ ऐकणार नाहीत, हे मला त्यांच्या तीस वर्षांवरून माहीत होतं. मी कपाट आवरलं, डाळ निवडली, पुन्हा कपाट आवरलं.

सोमवारी मूर्ती घेऊन कारखान्यात गेले. शेठना अंगणात बोलावलं. भेगेतला थेंब काचेच्या पट्टीवर घेतला आणि उन्हात धरला. तो केशरी झाला आणि थोड्या वेळाने टणक झाला. मी म्हणाले, "हे तेल नाही, घाम नाही. आपलं रेझिन आहे. सगळ्या मूर्ती परत मागवायला लागतील."

शेठनी पट्टी घेऊन उन्हात तिरकी करून बघितली. "ठीक आहे, रेझिन आहे," ते म्हणाले. "पण मॅडम, एक बूंद से क्या होता है? मी तीस वर्षं यात हात घालतोय. कुछ हुआ मुझे?"

त्यांनी हात पुढे करून दाखवले. स्वच्छ, गुबगुबीत, अंगठ्या घातलेले हात. मग मी हातमोजे काढले. चिरांमुळे ते ओढून काढावे लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी अक्षरशः केलं. "एकेकाला कधीच होत नाही," मी म्हणाले. "एकेकाला असं होतं. माझ्या सासूबाईंना डोळ्यांना झालंय."

मावशी नळावर काहीतरी धूत होत्या, त्यांनी नळ बंद केला. शेठनी माझे हात धरले नाहीत, पण धरावेत असं त्यांच्या मनात आलेलं मला दिसलं. "कब से?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते आत गेले आणि त्यांनी बिल्डरला फोन लावला. पुढे काय काय झालं ते असो, त्या फोनवर त्यांनी मूर्तीत दोष आहे असं सरळ सांगितलं आणि दोष आमचा आहे असंही सांगितलं. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही आत जायचं नाही. वही मावशी आणून देतील."

मी अंगणात उभी राहिले. इतकी वर्षं ज्या अंगणात यायला मी निमित्तं शोधली, तिथून आता मला आत जाता येत नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. मला राग आला, कुणाचा ते कळेना, आणि रडूही आलं.

बहुतेक मूर्ती परत आल्या. कुंकू लावलेल्या, लाल कपड्यात गुंडाळलेल्या. काही घरांनी दिल्या नाहीत, शेठ स्वतः तिथे दोन-दोन चकरा मारून आले. पण परत आलेल्यांचं काय करायचं, हे कुणालाच कळेना. विसर्जन करावं तर पोटातलं विष पाण्यात, आणि इथलं पाणी शेवटी आपल्याच नळाला येतं. फोडाव्यात तर कुणाची छाती होत नव्हती. भोक पाडून, रिकाम्या करून, उन्हात पक्क्या करून परत द्याव्यात तर खालून फुटलेली मूर्ती कोण घेणार? पुन्हा तोच प्रश्न, त्याच जागी. शेठनी खोके रॅकवर चढवून ठेवले. फोनवर मला म्हणाले, "उधर देखने का मन नहीं होता."

घरी सासूबाईंचे डोळे महिन्याभरात निवळले. बदलापूरच्या त्याच डॉक्टरांकडे नेलं होतं, आणि तिथे त्यांच्यासमोर माझंही सगळं उघडं पडलं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "हात दाव." मी दाखवले. त्यांनी बघून घेतले, आणि जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. मग विचारलं, "माझा देव कवा देशील?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पोटात काय आहे, का राहिलं, भोक ठेवायचं होतं आणि का ठेवलं नाही. खंडित होईल म्हणून, लोकांच्या भावना दुखावतील म्हणून. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"पोराचं कान टोचतांव तवा पोर खंडित व्हतं का?"

माझा हात नकळत कानाच्या पाळीकडे गेला.

"माझ्या पोराचं कान सोनाराकरनं मांडीवर धरून टोचून घेतलं. रडला, रगत आलं. वर सोन्याची तार घातली नि गावभर मिरवला. लेकराला चालतं तं देवाला काय जालं? भल्यासाठीच पाडायचं ना भोक?"

पुढच्या शनिवारी नवरा आला. त्याला दुहेरी हातमोजे चढवले, चष्मा दिला, आणि बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल दिलं. सासूबाईंनी गॅलरीत पाट मांडला, मूर्तीला हळद-कुंकू लावलं, गुळाचा खडा ठेवला. त्यानंतर आम्हा दोघींना त्याने आत पाठवून काचेचं दार लावलं, कारण आता त्या वासाजवळ आम्ही दोघीही थांबू शकत नव्हतो. काचेतून आम्ही बघत होतो. पहिलं भोक पडलं, मग दुसरं, आणि पोटातलं रेझिन खालच्या वाडग्यात ठिबकायला लागलं. वाटलं होतं त्यापेक्षा बरंच निघालं.

"टोचल्यावर सोन्याची तार घालतांव तशी तिथं लाल धाग्याची गाठ घाल म्हनावं," सासूबाई म्हणाल्या. "लोक घेतील. तुज्या शेठला सांग."

मी मान हलवली. त्या काचेला कपाळ टेकून बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पयल्या दिशी इचारायचं ना, बाय. घरातच तं व्हते मी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मूर्ती छापायला घेतल्यापासून आम्ही दोघी रोज एका ओट्याशी उभ्या राहून स्वयंपाक करत होतो, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.